शेतकी कॉलेजांतील मुलें काय म्हणतात

बारावीचे निकाल लागले म्हणजे ज्या घरीं थोडीबहुत जमीन व एखादा हुशार मुलगा आहे, त्या घरीं एक प्रश्न हटकून निघतो. मुलास शेतकी कॉलेजांत घालावें कीं न घालावें? प्रश्न जुनाच आहे. उत्तरें मात्र दर पिढीस बदलत आलीं आहेत. पदवी घेतली कीं सरकारी खात्यांत जागा मिळेल असा भरंवसा होता, त्या काळीं बापास फारसा विचार करावा लागत नसे. आज तो भरंवसा राहिलेला नाहीं. तरीही दर वर्षीं हजारों मुलें व मुली या कॉलेजांची वाट धरतातच. तीं तेथें काय शिकतात, राहतात कशीं, आणि पदवी हातीं आल्यावर घरच्या शेतावर परत येणार कीं नाहीं, याविषयीं आपण वडीलधारी मंडळी आपसांत पुष्कळ बोलतों. खुद्द मुलांना मात्र क्वचितच विचारतों.

गेल्या खरिपांत अशी विचारपूस करण्याची संधि प्रस्तुत लेखकास मिळाली. एका शेतकी कॉलेजचे शेवटच्या वर्षाचे सात विद्यार्थी आमच्या गांवीं मुक्कामास होते, आणि ओढ्यापलीकडच्या गांवीं त्याच कॉलेजच्या सहा विद्यार्थिनी. मुलांना कृषिदूत व मुलींना कृषिकन्या म्हणतात, हें वाचकांस ठाऊक असेलच. बहुतेक तालुक्यांत अशीं पथकें येऊन गेलेलीं आहेत. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचीं आठ सत्रें. त्यांपैकीं एक सत्र बहुतांशीं खेड्यांत, शेतकऱ्याच्या सोबतीनें काढावें, अशी ही योजना. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें २०१५ सालीं तिला 'स्टुडंट रेडी' नांवाच्या मोठ्या कार्यक्रमांत गोंवलें. मुलें आलीं म्हणजे पहिल्या आठवड्यांत देवळापुढें रांगोळीनें गांवाचा नकाशा काढतात. मग मातीचे नमुने, बीजप्रक्रिया, मुरघास अशीं प्रात्यक्षिकें होतात, छायाचित्रें निघतात, वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. पुष्कळ गांवकरी एवढ्यावरच त्यांची किंमत करतात आणि 'पोरं फोटो काढायला येतात' असा शेरा मारून मोकळे होतात. शेरा अगदींच खोटा नाहीं. पण संध्याकाळीं पारावर बसून, वह्या बाजूला ठेवून तीं बोलूं लागलीं, म्हणजे ऐकण्यासारखें पुष्कळ निघे. त्यांचीं नांवें मीं मुद्दाम देत नाहीं. मोकळेपणानें बोलावें, म्हणून तसा शब्दच दिला होता.

प्रथम अभ्यासाविषयीं. विषयांची नुसती यादी ऐकूनच आमचे एक वृद्ध सभासद थक्क झाले: कृषिविद्या, मृदाशास्त्र, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, पैदासशास्त्र, पशुसंवर्धन, अवजारें व यंत्रें, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विस्तारशिक्षण, आणि आणखीही बरेंच. 'एवढं सगळं शिकून नांगर धरतां येतो कां रे?' असें त्यांनीं विचारलें. एक मुलगा हंसून म्हणाला, 'आबा, आतां नांगर धरणारे तुम्ही तरी किती राहिलांत? ट्रॅक्टरवालाच बोलावतां ना?' उत्तर जरा उद्धट वाटेल, पण आबांनींच पहिल्यानें हंसून त्यास दाद दिली.

मुलांची अडचण नांगराची नव्हे, भाषेची आहे. शेतकीचें सारें शिक्षण इंग्रजींत, आणि मुलें बहुतेक मराठी शाळेंतून आलेलीं. त्यांतील एकाच्या घरीं दर वर्षीं पांच एकर हरभरा होतो. घाटेअळी त्यानें लहानपणापासून वेंचलेली. ती केव्हां येते, किती खाते, कोणत्या वाऱ्यांत वाढते, हें त्यास तोंडपाठ. कॉलेजांत तिचें नांव 'हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा' आहे हें कळेपर्यंत पहिली परीक्षा होऊन गेली होती. 'पहिलं सत्र निम्मं शब्दकोशांतच गेलं, काका,' तो म्हणाला, 'आणि आतां गांवांत आलों, तर सगळं उलट मराठींत सांगावं लागतं. मधल्या चार वर्षांत मी दोन्हीकडून भाषांतरच करतोंय.' शेतकऱ्याचीं मुलें ज्या भाषेंत शेती करतात त्या भाषेंत शेतकी शिकूं शकत नाहींत, याचा आपल्या विद्वानांनीं कधीं तरी नीट विचार करावयास हवा.

शिकण्यांतील कोणती गोष्ट आवडली, असें विचारतां पुस्तकाचें नांव कोणीं घेतलें नाहीं. एकानें किड्यांच्या पेट्या सांगितल्या. जाळें घेऊन रानोमाळ हिंडावयाचें, फुलपांखरें, भुंगे, ढेंकूण पकडून टांचणीनें पेटींत लावावयाचे, खालीं नांव लिहावयाचें. घरचे लोक म्हणत, पोरगं कॉलेजांत किडे मारतंय. दोघातिघांनीं तिसऱ्या वर्षाच्या पीक-प्रात्यक्षिकाचें नांव काढलें. विद्यार्थ्यांस कॉलेजच्या शेतावर जमिनीचा लहानसा तुकडा मिळतो. वाण, अंतर, खत, पाणी, फवारणी हें सर्व त्यांनीं ठरवावयाचें. पेरणीपासून काढणीपर्यंत हातानें करावयाचें. आणि शेवटीं जमाखर्च मांडून दाखवावयाचा. मोजून कांहीं गुंठे जमीन, पण तिच्यावर हुकूम विद्यार्थ्याचा. 'चार वर्षांत मनापासून केलेलं काम तेंच,' असें एकजण म्हणाला व थोडा थांबून पुढें बोलला, 'घरीं चौदा एकर आहे. तिथं मला कुणी कांहीं विचारीत नाहीं.' हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याकडे पुढें यावयाचें आहे.

या शिक्षणाचा उपयोग होतो कीं नाहीं, याचें एक लहानसें उदाहरण देतों. आमच्याकडे रब्बीचा जोंधळा म्हणजे मालदांडी, आणि बियाणें बहुधा घरचें. पूर्वीं पेरणीआधीं बियाण्यास गंधक चोळण्याची रीत घरोघर होती. अलीकडे ती सुटत चालली होती, आणि कणसांत दाण्याच्या जागीं काळी भुकटी भरून राहणारी कणी पुन्हां दिसूं लागली होती. कृषिदूतांनीं सप्टेंबरांत वाडीवाडीस जाऊन किलोस चार ग्रॅम या प्रमाणानें बारीक गंधक चोळून दाखविलें. खर्च कांहींच नाहीं म्हटलें तरी चालेल. ज्यांनीं ऐकलें त्यांच्या शेतांत कणी शोधून काढावी लागली. आमच्या आजोबांना ठाऊक असलेली गोष्ट नातवांच्या वयाच्या मुलांनीं येऊन आम्हांस सांगावी, यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. मधल्या पिढीनें काय गमावलें तें मात्र त्यावरून कळतें.

वसतिगृहांतील राहणीविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण ती सर्व कॉलेजांत सारखीच. खोलींत तीन-चार मुलें, खानावळीच्या पातळ वरणाविषयीं तक्रार, सकाळीं लवकर शेतावर प्रात्यक्षिक, रात्रीं मोबाईल, आणि परीक्षा जवळ आली म्हणजे झेरॉक्सच्या दुकानापुढें रांग. एक गोष्ट मात्र इतर कॉलेजांत दिसत नसेल. रात्रीं गारपिटीची बातमी आली कीं ओसरीवर मुलांची एकच गर्दी होते. ज्याला त्याला घरीं फोन लावावयाचा असतो. कांद्याचा भाव पडला कीं खानावळीची उधारी वाढते, आणि उंसाचा हप्ता लांबला कीं फी भरण्याची मुदत वाढवून मागणारे अर्ज वाढतात. सरकारी कॉलेजांत फी बेताची. ज्यांना तेथें जागा मिळाली नाहीं तीं विनाअनुदानित कॉलेजांत जातात, आणि तेथली फी भरतां भरतां एखाद्या बापास म्हैस विकावी लागते. हीं मुलें शेतापासून दूर गेलेलीं नाहींत. तीं वसतिगृहांत राहूनही भावावर आणि पावसावरच जगत असतात.

आतां पुढच्या बेतांविषयीं. सातांपैकीं चौघांनीं एकाच श्वासांत सांगितलें, 'स्पर्धा परीक्षा.' महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची कृषिसेवेची परीक्षा दिली म्हणजे तालुका कृषि अधिकारी किंवा त्याच्या आसपासची जागा मिळते. तिच्याबरोबर राज्यसेवेची, वनसेवेची, जी निघेल ती. पांचवा बँकेच्या कृषि क्षेत्र अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी करीत होता. सहावा एम्. एस्सी. करून पुढें संशोधनाकडे वळूं पाहणारा. परिषदेच्या प्रवेशपरीक्षेचीं पुस्तकें त्यानें गांवींही आणलीं होतीं, आणि रात्रीं सारे झोंपल्यावर तो वाचीत बसे. सातवा, तोच चौदा एकरवाला, कांहींच बोलला नाहीं.

स्पर्धा परीक्षेचें गणित मुलांस ठाऊक नाहीं असें नाहीं. जागा थोड्या, उमेदवार अफाट. जाहिरात केव्हां निघेल याचा नेम नाहीं, निघाल्यावर निकाल केव्हां लागेल याचाही नाहीं. पदवी बाविसाव्या वर्षीं हातीं येते आणि खुल्या वर्गासही वयाची मर्यादा अडतीसपर्यंत आहे. म्हणजे ज्याला थांबावयाचें असेल त्याला सोळा वर्षें वाट पाहतां येते. पुण्याच्या सदाशिव व नारायण पेठांतून खाट भाड्यानें घेऊन, अभ्यासिकेंत दिवस काढणाऱ्या मुलांचे पैसे गांवाहून जातात. त्यांत कृषि पदवीधर पुष्कळ आहेत. एका कृषिदूताचा सख्खा भाऊच तेथें सहा वर्षें आहे. 'तो परत कां येत नाहीं?' असें मीं विचारलें. 'कुठल्या तोंडानं येणार?' मुलगा म्हणाला. 'गांवांत सगळ्यांना सांगितलंय, साहेब होणार म्हणून.'

एक गंमतीची गोष्ट सांगतों. गंमतीची म्हणजे विचार करावयास लावणारी. शेतकी कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळीं ज्याच्या घरीं शेतजमीन आहे त्याच्या मुलास गुणांत कांहीं भर धरण्याची पद्धत आपल्या राज्यांत चालत आलेली आहे. हेतु उघड आहे: शेतकऱ्याच्या मुलानें शिकावें व तें ज्ञान शेतांत यावें. प्रत्यक्षांत सातबाऱ्याचा उतारा जोडून मुलगा कॉलेजांत शिरतो, आणि तेथून जी वाट धरतो ती त्या सातबाऱ्याकडे क्वचितच परत येते. पुण्यास सायन्स कॉलेजला जोडून शेतकीचा वर्ग १८७९ सालीं निघाला. स्वतंत्र महाराष्ट्रांत १९६८ सालीं राहुरीचें, १९६९ सालीं अकोल्याचें व १९७२ सालीं परभणी आणि दापोली येथील कृषि विद्यापीठ झालें. त्यांनीं दिलेला माल आपल्या शिवारांत आहे: परभणीची 'क्रांति' भेंडी, कोंकणांतला 'रत्ना' आंबा, पाडेगांवच्या केंद्राचे उंसाचे वाण. बियाणें गांवांत पोहोंचलें. पदवीधर पोहोंचला नाहीं.

कां पोहोंचला नाहीं, असें विचारलें म्हणजे आपण वडीलमंडळी दोन उत्तरें देतों. एक, पोरांना कष्ट नकोत. दुसरें, जमीन आहेच कोठें? पहिलें उत्तर मला पटत नाहीं. अभ्यासिकेंत दहा दहा तास बसून सहा वर्षें काढणें हा आरामाचा धंदा नव्हे. दुसऱ्या उत्तरांत पुष्कळ तथ्य आहे, आणि तें आजचें नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचेच प्रिन्सिपल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची बारकाईनें पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. त्या गांवीं १७७१ मध्यें खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती. १८१८ मध्यें साडेसतरा एकर झाली, आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर. आज तो गांव पिंपरी-चिंचवड शहरांत मिसळून गेला आहे आणि शेतांच्या जागीं उंच इमारती आहेत. तेथला प्रश्न एका अर्थीं सुटलाच म्हणावयाचा. बाकीच्या महाराष्ट्राचा तसा सुटलेला नाहीं. शेतकी खानेसुमारीप्रमाणें राज्यांत दर खातेदारामागें १९७०-७१ मध्यें सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर, जमीन होती. २०१५-१६ मध्यें ती १.३४ हेक्टर, म्हणजे सवातीन एकरांच्या आसपास राहिली. सवातीन एकरांत दोन भाऊ, त्यांतला एक पदवीधर. तो नोकरी शोधतो यांत नवल तें काय? अशा घरच्या मुलानें नोकरी धरली तर ती घराची सोयच आहे, आणि त्याला कोणीं नांवें ठेवूं नयेत.

पण आपल्या मासिकाचे वाचक बहुतेक या सरासरीच्या वरचे आहेत. दहा, पंधरा, वीस एकर, विहीर, कदाचित् कालव्याचें पाणी. त्यांच्या घरचा पदवीधर कां परतत नाहीं? या प्रश्नावर एका संध्याकाळीं बोलणें चांगलें रंगलें, आणि तें मुलांनीं आमच्याच अंगावर आणलें.

प्रथम, मुलगा परत यावा असें आपणांस खरोखर वाटतें कां? सातांपैकीं पांचजणांच्या बापांनीं त्यांस स्पष्ट सांगितलें होतें, 'तुला शिकवला तो मातींत हात घालायला नव्हे.' बाप सभेंत शेतीचें भवितव्य तरुणांच्या हातीं आहे असें बोलतो, आणि घरीं मुलास म्हणतो, कांहीं कर पण इकडे येऊं नको. मुलगा घरचें ऐकतो, एवढेंच.

दुसरें, आला तर त्यानें काय करावें? हरभऱ्याच्या शेतांत वाढलेल्या त्या मुलाची हकीकत मासलेवाईक आहे. अर्थशास्त्राच्या तासाला त्यास शेतीखर्चाचे 'अ', 'ब', 'क' असे प्रकार शिकविले: हातचा पैसा, मालकीच्या जमिनीचें भाडें, घरच्या माणसांची मजुरी, हें सारें वेगवेगळें कसें धरावें. दिवाळीच्या सुटींत त्यानें घरच्या कांद्याचा असा हिशेब मांडला. घरच्या तिघांची मजुरी गड्याच्या दरानें धरली, तेव्हां नफा म्हणून ज्याला घरांत आनंद झाला होता तो नाहींसा झाला. वडिलांनीं वही पाहिली, मिटली व म्हटलें, 'हिशेब मांडत बसलं तर शेती होत नसते.' मुलानें पुन्हां वही उघडली नाहीं. आतां बापाचें म्हणणें अगदीं मूर्खपणाचें नाहीं. आपण सर्वांनीं शेती अशीच, फार न विचारतां, तगवून धरली आहे. पण मुलगा कॉलेजांत नेमका विचारावयासच शिकला, आणि घरीं त्याच गोष्टीस मज्जाव.

चौदा एकरवाल्यानें मग आपली गोष्ट सांगितली. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यांत त्यानें वडिलांकडे दहा गुंठे मागितले. ठिबक घालून मिरची करावयाची होती. वडिलांनीं दिले. रोपें लावून महिना झाला, तो परीक्षेस गेला, आणि परत येऊन पाहतो तों चुलत्यांनीं त्या तुकड्यांतून उंसासाठीं सरी पाडलेली. 'भांडण नको म्हणून मी गप्प बसलों,' तो म्हणाला. 'चौदा एकर माझ्या बापाची आहे, चुलत्यांची आहे, आजोबांच्या नांवावर आहे. माझं तिथं दहा गुंठंसुद्धां नाहींत. कॉलेजांत होते.' त्यावर पारावर कोणी बराच वेळ बोललें नाहीं.

तिसरें कारण लग्नाचें. तें मुलांनीं लाजत लाजत काढलें. शेती करणाऱ्या मुलास स्थळ येत नाहीं. मग तो पदवीधर असो, बागायतदार असो. चतुर्थश्रेणीची कां होईना, नोकरी पाहिजे. 'काका, तुम्ही तुमची मुलगी शेतकऱ्याला द्याल कां?' असें एकानें आमच्यांतील एका बागायतदार गृहस्थांस सरळ विचारलें. त्या गृहस्थांनीं तंबाखूची चंची काढली. त्यांचा जांवई पुण्यास कंपनींत आहे, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

मग या मुलांस वाट नाहींच कां? आहे, आणि ती त्यांस अभ्यासक्रमांत सांगितलेलीही असते, पण परीक्षेच्या धडाक्यांत कोणी तिकडे पाहत नाहीं. केंद्र सरकारची कृषि चिकित्सालय व कृषि व्यवसाय केंद्राची योजना २००२ पासून आहे. पदवीधरास ४५ दिवसांचें मोफत शिक्षण, मग स्वतःच्या उद्योगास २० लाखांपर्यंतच्या खर्चाचें कर्ज, पांचजणांनीं मिळून केला तर एक कोटीपर्यंत. आणि त्यांत शेंकडा ३६, स्त्रिया व मागासवर्गीयांस शेंकडा ४४, इतकें अर्थसाहाय्य, असा तिचा बांधा आहे. माती-पाण्याची तपासणी, रोपवाटिका, अवजारें भाड्यानें देणें, गुरांचें खाद्य, बीजोत्पादन, असें पुष्कळ त्यांत बसतें. कर्ज मंजूर होतांना बँकेच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात तें वाचकांस निराळें सांगावयास नको. कीटकनाशकें विकण्याच्या परवान्यासही २०१५ पासून शेतकीचें किंवा तत्सम शिक्षण लागतें, तेव्हां ती एक वाट पदवीधरास मोकळी झाली आहे. महाबीजसाठीं बीजोत्पादन करणारे शेतकरी आपल्या भागांत आहेत. अंतर राखणें, भेसळ काढणें, हिशेब ठेवणें हें काम ज्याला पैदासशास्त्र समजतें त्याच्या हातून अधिक चांगलें होईल, आणि भावही बाजारापेक्षां कांहीं चढा मिळतो. शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ निघाल्या; त्यांस व्यवस्थापक मिळत नाहीं ही सार्वत्रिक तक्रार आहे.

आमच्याच तालुक्यांत एका सभासदांनीं मुलाला पदवीनंतर दोन एकर निराळे तोडून दिले, त्याची वही निराळी, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि तीन वर्षें त्या दोन एकरांविषयीं बापानें तोंड उघडावयाचें नाहीं असा करार. कागदावर नव्हे, पण मामाच्या समक्ष. पहिल्या वर्षीं मुलगा कांद्यांत बुडाला. बापानें करार पाळला; घरांतल्या बायकांचें म्हणणें कीं तेवढ्या काळांत त्यांच्या जेवणाचे दोन घांस कमी झाले. दुसऱ्या वर्षीं मुलानें हरभऱ्याचें बीजोत्पादन घेतलें व पहिल्या तोट्याचा बराच भाग भरून काढला. मधल्या काळांत त्यानें दोनदां स्पर्धा परीक्षाही दिली, आणि पुढेंही देणार आहे. हा यशाचा दाखला म्हणून मी देत नाहीं. तीन वर्षें अजून पुरीं व्हावयाचीं आहेत. पण या मुलाला आपला निर्णय चुकला कीं बरोबर आला हें शेतांत पाहावयास मिळालें, आणि इतकी साधी गोष्ट चौदा एकरवाल्यास मिळाली नाहीं. दहापंधरा एकरांतून दोन एकर तीन वर्षें बाजूला काढणें आपणांस न झेंपणारें आहे काय? कॉलेजच्या चार वर्षांस जो खर्च येतो त्याच्याशीं त्याची तुलना करून पाहावी.

मुलींची हकीकत मीं शेवटीं ठेवली, कारण ती थोडी निराळी आहे. ओढ्यापलीकडील कृषिकन्यांशीं बोलणें आमच्या घरच्या मंडळींच्या समक्ष झालें. सहाजणींपैकीं तिघी परीक्षांच्याच मार्गानें जाणाऱ्या; एकीस अन्नप्रक्रियेचा उद्योग काढावयाचा होता; एकीचें लग्न ठरलें होतें व सासरचीं माणसें पुढें शिकूं देतील कीं नाहीं याची तिला चिंता होती. गांवच्या बायका त्यांच्याशीं जितक्या मोकळ्या बोलत तितक्या मुलांशीं कधींच बोलल्या नाहींत. दूध, वैरण, बियाणें साठविणें, खुरपणी, हीं कामें बायकांचीं, आणि सल्ला मात्र पुरुषांस द्यावयाचा, ही विस्तारखात्याची जुनी चूक या मुलींनीं चार महिन्यांत न बोलतां दाखवून दिली.

सहावी मुलगी तीन बहिणींत थोरली. तिचे वडील साडेचार एकरांचे धनी. 'परत शेतीकडे येणार कां?' असें विचारतां तिनें मलाच उलट विचारलें, 'कुणाच्या शेतीकडे, काका? वडिलांच्या कीं सासरच्या?' कायद्यानें तिचा हक्क आहे; १९९४ सालीं महाराष्ट्रानें व २००५ सालीं सर्व देशासाठीं संसदेनें मुलीस मुलाबरोबरीनें वडिलोपार्जित जमिनींत वाटा दिला. पण वाटा मागणाऱ्या बहिणीकडे गांव कसें पाहतो तें तिला ठाऊक होतें, आणि वडील हयात असतां तिला वाटा मागावयाचाही नव्हता. तिचा बेत निराळा होता. वडिलांकडून वीस गुंठे, विहिरीजवळचे, बाहेरचा माणूस घेईल तसे भाड्यानें घ्यावयाचे. त्यांवर शेडनेट उभारून टोमॅटो, मिरची, कोबीची रोपवाटिका करावयाची. आणि दर गुढीपाडव्यास भाडें रोख मोजून द्यावयाचें. लग्न झालें तरी करार चालूच राहील, अशी अट त्यांत घालावयाची. हिशेब तिनें वहींत मांडलेला होता: ट्रे, कोकोपीट, बियाणें, एका बाईची मजुरी, आणि स्वतःची मजुरीही, निराळ्या रकान्यांत. 'फुकट दिलं तर तें वडिलांचं राहतं,' ती म्हणाली. 'भाडं दिलं कीं पाऊस पडला नाहीं तरी माझंच.'

वडिलांनीं अजून होकार दिलेला नाहीं. नकारही दिलेला नाहीं. विहिरीजवळच्या जमिनीचें गुंठ्याला भाडें किती सांगावें, हें मात्र त्यांनीं गांवांत दोघातिघांपाशीं विचारून ठेवलें आहे, असें कळतें.